टेको फॉन्ट : कवठेमहांकाळला उत्तम, जतला बेताचा

सांगलीहून पूर्वेकडे जाणाऱ्या एसटीच्या पाटीवर ‘कवठेमहांकाळ’ आणि ‘जत’ ही दोन नावं लागतात. पहिल्यात सात अक्षरं, शिवाय मात्रा, काने, अनुस्वार. दुसरं सुरू होतं न होतं तोच संपतं. पाटीची रुंदी मात्र दोघांना तेवढीच. अरुंद आणि ठळक टाइपची गरज कुठे पडते नि कुठे पडत नाही, हे या दोन नावांइतकं चटकन दुसरं काही सांगत नाही. टेको या फॉन्टची परीक्षाही इथूनच सुरू केलेली बरी.

टेको अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा. मानुषी पारीख यांनी तो रेखला आणि २०१४ मध्ये तो बाहेर आला. देवनागरी आणि रोमन अशा दोन लिपी, लाइट, रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड आणि बोल्ड अशा पाच जाड्या. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो आणि परवाना ओपन फॉन्ट लायसन्सचा आहे. म्हणजे दुकानाच्या पाटीला, पाकिटाला, जाहिरातीला, वेबसाइटला बिनदिक्कत वापरा; फक्त नुसती फॉन्टची फाइल विकायला काढू नका. गुजरातीत टेको म्हणजे आपला टेकू. नाव असं असलं तरी सगळा भार त्याच्यावर टाकता येत नाही, ते पुढे येईलच.

आधी हे बघू की असा टाइप मुळात लागतो कशाला. आपल्याकडे फ्लेक्सच्या दुकानांत लांब नावावर एकच उपाय चालत आलाय. नेहमीचा जाड टाइप घ्यायचा, कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये बाजूचा ठिपका धरायचा आणि नाव चौकटीत मावेपर्यंत आत ढकलायचं. आता हिशेब करा. मूळ अक्षरात उभा दंड १२ मिलिमीटर जाड आहे, शिरोरेषा १० मिलिमीटर. साठ टक्क्यांवर दाबलं की दंड ७.२ वर येतो, शिरोरेषा मात्र १० च राहते, कारण दाब आडवा पडला, उंचीला धक्का लागलाच नाही. जे जाड असायला हवं ते बारीक झालं आणि आडव्या रेघा डोळ्यात खुपायला लागल्या. अनुस्वाराचा टिंब अंड्यासारखा होतो. वेलांटीची कमान टोकाशी एका जाडीची, खांद्याशी दुसऱ्या जाडीची दिसते. लांबून असं नाव काळं दिसत नाही, राखाडी दिसतं. आणि लोक म्हणतात, ‘छपाई फिकी आली.’ छपाई बरोबरच असते.

शटरवर ब्रशने नावं रंगवणारे पेंटर ही चूक करत नसत. त्यांना तिचा मोहच नव्हता. हातात ब्रश एकच, म्हणून रेघेची जाडी तीच. नाव लांब असेल तर कमी व्हायची ती अक्षराच्या पोटातली जागा. ‘व’चं पोट आवळायचं, ‘म’चा आणि ‘ळ’चा पसारा आखडायचा, काना थोडा जवळ ओढायचा. टेको नेमकं हेच करतो. त्याचे दंड आपली जाडी सोडत नाहीत. गोलाई दाबून चौकोनी केली आहे, कोपऱ्यांना तेवढा गोलवा ठेवला आहे. जाड-बारीक रेघांतला फरक फार थोडा. त्यामुळे एका ओळीत जास्त अक्षरं मावूनही काळेपणा टिकतो. सात अक्षरांचं ‘कवठेमहांकाळ’ यात सलग, घट्ट आणि एका दमात वाचलं जातं. ‘सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका’ हे आणखी लांब नाव दोन ओळींत बसवायचं असेल, तर अशा टाइपला पर्याय नाही.

‘जत’चं मात्र उलट होतं. दोन अक्षरं, दोन उभे दंड, वर आखूड शिरोरेषा. मोठ्या पाटीवर मध्यभागी हे नाव एखाद्या फाटकाच्या खांबांसारखं उभं राहतं आणि दोन्ही बाजूंना रिकामी पाटी पसरते. मग कुणीतरी अक्षरांमधलं अंतर वाढवतं, आणि तिथे खरा घात होतो. रोमन लिपीत अक्षरं सुटी असतात, त्यांच्यात अंतर टाकता येतं. देवनागरीत अंतर टाकलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाच्या जागी सुटी अक्षरं उरतात. टेकोत शिरोरेषा ठळक आणि सरळ असल्याने ही तूट आणखी उठून दिसते. तेव्हा दोन-तीन अक्षरांच्या नावाला टेको ताणू नका, त्याचं अंतर वाढवू नका; रुंद फॉन्ट घ्या. ‘विटा’, ‘पलूस’, ‘मिरज’ ही नावं सीमेवर येतात. जागा उभट असेल तर टेको चालतो, आडवी असेल तर नाही.

रोमन लिपीत अरुंद ठळक टाइपला मोठा वारसा आहे. मॉरिस फुलर बेंटनचा ‘ऑल्टरनेट गॉथिक’ १९०३ चा. संगणकामुळे घरोघरी पोचलेला ‘इम्पॅक्ट’ जेफ्री ली यांनी १९६५ मध्ये रेखला. तिथे मोठी अक्षरं वापरली की सगळी एका उंचीची, वर काही नाही, खाली काही नाही. ओळीवर ओळ विटांसारखी रचता येते. आपल्या लिपीला तीन मजले आहेत. मधे अक्षर, वर मात्रा-वेलांटी-रफार-अनुस्वार, खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षराची शेपटी. अक्षर अरुंद केलं की रुंदी वाचते, पण उंचीचा खर्च तेवढाच राहतो. टेकोबद्दलच्या निम्म्या तक्रारी या एका गोष्टीतून निघतात.

उदाहरणार्थ, ७२ पॉइंट टाकलं म्हणजे एक इंच उंचीचं अक्षर मिळेल असं धरून चालतात. ७२ पॉइंट म्हणजे २५.४ मिलिमीटर खरे, पण ती अख्ख्या चौकटीची उंची. त्यातला वरचा आणि खालचा मजला मात्रा-उकारांसाठी राखलेला. शिरोरेषेपासून तळापर्यंतचं अक्षर त्याहून बरंच लहान निघतं. म्हणून गिऱ्हाईक ‘फूटभर अक्षर हवं’ म्हणालं, तर पॉइंटात हिशेब करू नका. शब्द कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करा, ‘म’ किंवा ‘न’ची शिरोरेषेपासून तळापर्यंत उंची मोजा आणि त्या मापाने सगळं मोठं करा. उकार-वेलांटी दोन्ही असलेल्या ओळीला अक्षराच्या जवळजवळ दुप्पट उंची लागते असं धरा. दहा बाय सहाच्या फ्लेक्सवर फूटभर अक्षराची एकच ओळ दोन फूट, म्हणजे तिसरा हिस्सा, खाऊन टाकते.

किती मोठं अक्षर, याचा धंद्यातला आडाखा असा की दर दहा फुटांच्या अंतराला एक इंच उंची. शंभर फुटांवरून निवांत वाचायचं तर दहा इंच. अरुंद टाइपला यात थोडी भर घालावी लागते, कारण पोटातली जागा कमी असते आणि लांबून ‘ब’ आणि ‘व’, ‘प’ आणि ‘ष’ एकमेकांत मिसळतात. दहाच्या ठिकाणी बारा इंच धरा. जागा नसेल तर मजकूर कमी करा. शुभेच्छुकांची नावं कमी करायला कुणी तयार नसतं, तो भाग वेगळा.

ओळींमधलं अंतर हा टेकोचा सगळ्यात मोठा डाव आणि सगळ्यात मोठा सापळा. फॉन्टमध्ये ठरवून दिलेलं अंतर सढळ आहे, साधारण अक्षराच्या मापाच्या १.४ पट. दोन ओळींच्या मथळ्यात ते सैल वाटतं, ओळी एकमेकींपासून फटकून राहतात. म्हणून ते कमी करायचंच, पण डोळे उघडे ठेवून. वरच्या ओळीत खाली काय लोंबतं आणि खालच्या ओळीत वर काय चढतं, एवढंच बघा. ‘तासगाव’च्या खाली ‘मिरज’ असेल तर वरून काही येत नाही, खालून फक्त एक वेलांटी चढते. ओळी बऱ्याच जवळ आणता येतात. ‘पलूस’च्या खाली ‘शिराळा’ आलं की ‘लू’चा उकार खालच्या वेलांटीशी झुंजायला लागतो. अशा वेळी अंतर न वाढवता शब्द डावी-उजवीकडे थोडे सरकवले तर उकार खालच्या मोकळ्या जागेत जाऊन बसतो. फक्त कुठल्या तरी एका ओळीचं अंतर वाढवून बाकीच्या घट्ट ठेवू नका. ते लगेच कळतं.

वेबसाइटवर हीच राखीव जागा वेगळा त्रास देते. बटनात ‘बुकिंग’ मराठीत लिहिलं तर ठीक बसतं. तेच रोमन मोठ्या अक्षरांत लिहिलं की खाली उकारासाठी राखलेली जागा रिकामी राहते आणि शब्द वर चढल्यासारखा दिसतो. वरच्या बाजूला थोडी जास्त गादी (पॅडिंग) देऊन तो मधे आणायचा. प्रमाण डोळ्यानेच ठरवावं लागतं.

आता जाड्या. बोल्ड बघून सगळे भुलतात आणि अख्खा मजकूर त्यात टाकतात. फाउंड्रीने स्वतःच सांगितलंय की बोल्ड हा एक-दोन शब्दांसाठी, रेग्युलर ते सेमीबोल्ड लांब मथळ्यांसाठी, लाइट अगदी मोठ्या आकारासाठी. हा सल्ला शब्दशः पाळण्यासारखा आहे. बोल्डमध्ये ‘महापूर’, ‘बंद’, ‘सेल’ असे शब्द दणका देतात. पण ‘शुद्ध’, ‘प्रसिद्ध’, ‘क्षेत्र’, ‘ज्ञान’ आले की द्ध, क्ष, ज्ञ यांची पोटं बुजायला लागतात. जोडाक्षरात दोन अक्षरांचा ऐवज एकाच्या जागेत कोंबलेला असतो, आणि अरुंद टाइपमध्ये ती जागा आधीच कमी केलेली. मिठाईच्या दुकानावर ‘शुद्ध’ हा शब्द लागतोच. तिथे सेमीबोल्डवर या. लांबून फरक कळत नाही, जवळून अक्षर स्वच्छ दिसतं.

कागद आणि शाई यांचाही हिशेब जाडीत धरावा लागतो. वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते, पोत्यावरच्या स्क्रीन प्रिंटिंगला त्याहून जास्त. तिथे ठरवलेल्या जाडीपेक्षा एक पायरी खाली उतरा, छापल्यावर ती बरोबर वरची दिसते. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर पडद्यावर आणि उजेडाच्या पाटीवर ती मूळ जाडीपेक्षा फुगलेली दिसतात. तिथेही एक पायरी खाली. मात्र ऑफसेटवर चार रंगांच्या गडद रंगातून पांढरं अक्षर काढायचं असेल तर शाई उलट आत शिरते आणि अक्षर खाते. तिथे लहान आकारात लाइट टाकण्याचा विचारही नको.

मराठीसाठी कुठलाही फॉन्ट घेताना काही शब्द टाइप करून बघावेतच. टेकोसाठी आणि त्याच्या पुढच्या भाऊबंदांसाठीही ही यादी उपयोगी पडेल: ‘शेतकऱ्यांचा’, ‘ॲग्रो’, ‘ऑइल’, ‘ईश्वरपूर’, ‘कुस्त्या’, ‘हृदय’, ‘ब्राह्मण’, ‘वाङ्मय’, ‘ट्रॅक्टर’, ‘₹’ आणि ० ते ९ सगळे मराठी आकडे. यातला पहिला शब्द सर्वांत महत्त्वाचा. दर दुसऱ्या फलकावर ‘शेतकर्यांचा’ असं रफार चढवून छापलेलं दिसतं, आणि दोष फॉन्टच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा चूक टाइप करण्यात असते. ‘ऱ्य’ हवा असेल तर साधा ‘र’ नको, खाली टिंब असलेला ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’. साधा ‘र’ आणि हलन्त दिलं की कुठलाही प्रामाणिक फॉन्ट रफारच काढणार.

दुसरी तपासणी ‘ल’ आणि ‘श’ची. शासनाच्या २०२२ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ सांगितले आहेत. अनेक फॉन्टांमध्ये दोन्ही वळणं असतात, पण आपलं वळण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी ठरवल्यावरच उघडतं. भाषा ‘हिंदी’ राहिली की हिंदी वळण दिसतं. इनडिझाइनमध्ये कॅरेक्टरच्या खिडकीत भाषा बदलता येते, वेबपानावर भाषेची खूण ‘एमआर’ द्यावी लागते. खाजगी दुकानाला याने फरक पडत नाही. शाळा, ग्रामपंचायत, सरकारी दवाखान्याच्या पाटीला पडतो. आणि ‘सांगली’ या नावातच ‘ल’ असल्यामुळे आपल्याला तो टाळताही येत नाही.

सॉफ्टवेअरकडे वळू. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव यांच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर निवडून वर ‘टेको’ निवडलं, की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. ‘फॉन्ट बिघडलाय’ म्हणून तो काढून टाकण्यापर्यंत मजल जाते. बिघडलेलं काही नसतं. जुन्या फॉन्टात मराठीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. टेको युनिकोड आहे, त्याला खरी मराठी लागते. मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, मग एकदा वाचून काढा, कारण कन्व्हर्टर रफार आणि पहिली वेलांटी हमखास इकडेतिकडे टाकतात.

कोरलच्या एक्स-६ पूर्वीच्या आवृत्तीत टेको बसवण्याची धडपड करू नका. वेलांटी अक्षराच्या मागे जाते, हलन्त सुटे दिसतात, जोडाक्षरं जुळत नाहीत. फोटोशॉपमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडावा लागतो, जुन्या आवृत्तीत त्यालाच ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ म्हणत. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ लावायचा. इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘इंडिक’चे पर्याय चालू करायचे. एवढं केलं की जोडाक्षरांची तक्रार संपते.

गूगल फॉन्ट्सवरून झिप उतरवली की आत एक व्हेरिएबल फाइल आणि ‘स्टॅटिक’ नावाच्या फोल्डरमध्ये पाच सुट्या फाइली मिळतात. व्हेरिएबल फाइलमध्ये ३०० ते ७०० पर्यंत कुठलीही जाडी मिळते, म्हणजे सेमीबोल्ड थोडा जास्त आणि बोल्ड फार जास्त वाटला तर मधलीही घेता येते. पण कोरलमध्ये व्हेरिएबल फॉन्टची सोय २०२० च्या आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या कोरलला ती फाइल दिली तर एकच जाडी दिसते. मग ऑपरेटर ‘बी’चं बटन दाबतो आणि संगणक अक्षराभोवती रेघ फिरवून खोटा बोल्ड बनवतो, पोटं बुजलेला. जुन्या कोरलवर सुट्या पाच फाइलीच बसवा.

टेकोमधून सगळ्यात जास्त नासाडी होते ती कर्व्ह केल्यानंतर. कंट्रोल-क्यू दाबलं, अक्षरं आकार झाली, फाइल छपाईला गेली. साध्या काळ्या अक्षराला काही होत नाही. पण आपल्या फ्लेक्सवर साधं काळं अक्षर असतं कुठे? पिवळं अक्षर, लाल आउटलाइन, बाहेर पांढरी आउटलाइन, खाली सावली. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, म्हणूनच ती रेघ सलग दिसते. आउटलाइन दिली की प्रत्येक अक्षराची कड त्या चढावावर उमटते आणि शिरोरेषेवर प्रत्येक सांध्याला एक खाच दिसते. ही खाच गल्लोगल्ली दिसते, लोकांना आता तिची सवय झालीय. उपाय सोपा आहे. आधी कर्व्ह, मग संपूर्ण शब्द निवडून वेल्ड (सगळे आकार जोडून एक), मग आउटलाइन. आउटलाइन पेनच्या खिडकीत तीन गोष्टी करा. ‘बिहाइंड फिल’वर खूण, नाहीतर आउटलाइनची अर्धी जाडी अक्षराच्या आत शिरते आणि आधीच अरुंद असलेली पोटं बंद होतात. कोपरे गोल, नाहीतर ‘क्ष’ आणि ‘त्र’च्या टोकदार कोनांतून काटे बाहेर येतात. ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’वर खूण, नाहीतर दहापट लहान केलेली फाइल मोठी करताना अक्षर वाढतं आणि आउटलाइन तशीच बारीक राहते. वेल्ड करण्यापूर्वी मूळ फाइलची एक प्रत ठेवा. वेल्ड केलेल्या शब्दात नंतर मात्रा सुधारता येत नाही.

रेडियम कटिंगला वेल्ड तर चुकवताच येत नाही. प्लॉटर प्रत्येक रेघ कापतो. न जोडलेल्या शब्दात तो शिरोरेषेला सांध्यासांध्याला आडवा काप देतो, आणि चिकटवताना शब्दाचे तुकडे हातात येतात. नीट वेल्ड केला तर देवनागरीची एक मोठी सोय मिळते: अख्खा शब्द शिरोरेषेने बांधलेला एकच तुकडा राहतो. अनुस्वार तेवढा सुटा पडतो, म्हणून ट्रान्स्फर टेपशिवाय उचलू नका. मोटरसायकलच्या टाकीवर दीड-दोन इंची नावाला बोल्ड नको. पोटातली जागा दोन मिलिमीटरच्या खाली गेली की नको असलेलं रेडियम सोलताना कड उचलली जाते.

अॅक्रिलिक किंवा एसीपीच्या उठावदार अक्षरांत टेकोचे चौकोनी आकार कामाला येतात. कडेची पट्टी वळवायला सरळ रेघा सोप्या आणि शिरोरेषेमुळे शब्द भिंतीवर सरळ रेषेत बसतो. तीन मिलिमीटरच्या बिटाने राउटर चालवणार असाल तर तीनपेक्षा अरुंद पोट कापलंच जाणार नाही आणि आतला प्रत्येक कोपरा दीड मिलिमीटर गोल होईल. लेझरला ही अडचण नाही. आतून उजेड द्यायचा असेल तर दंडाची जाडी बघा. एलईडीचं मोड्यूल साधारण १५ मिलिमीटर रुंद असतं, त्याच्या दोन्ही बाजूंना हवा हवी. यासाठी मात्र बोल्डच घ्या.

सांगलीच्या बाजारात आणखी एक उपयोग आहे, ज्याचा विचार फॉन्ट करणाऱ्यांनी केला नसेल: पोत्यांवर आणि खोक्यांवर मार्का मारायचा पत्र्याचा साचा. अरुंद ठळक अक्षर इथे जागा वाचवतं, रंग भरपूर घेतं आणि घाईत मारलेल्या हातालाही वाचता येतं. पण टेको जसाच्या तसा पत्र्यातून कापता येत नाही. ‘बेदाणा’ घ्या. ‘ब’च्या पोटात दोन बेटं, ‘णा’च्या आत एक, कापलं की ती गळून पडतात. हळदीच्या ‘राजापुरी’त ‘प’चं पोट वरून शिरोरेषेने बंद केलेलं. रोमनमध्ये बेट धरून ठेवणारा पूल अक्षराच्या अंगात टाकावा लागतो आणि अक्षर फाटल्यासारखं दिसतं. आपल्याकडे पूल शिरोरेषेत टाकता येतो. शिरोरेषेने बंद केलेल्या प्रत्येक पोटाच्या डोक्यावर शिरोरेषेला तीन-चार मिलिमीटरची खाच ठेवली की बेट पत्र्याला धरून राहतं आणि अक्षराचा आकार शाबूत राहतो. ‘ब’चं पोट मात्र शिरोरेषेला टेकत नाही, म्हणून त्याला पोटाच्या कडेला एक आणि आतल्या तिरक्या रेघेत एक खाच लागते, ‘ळ’च्या गाठींनाही. या कामाला सेमीबोल्ड योग्य. बोल्डच्या पोटातली बेटं इतकी सडपातळ होतात की दहा-वीस पोत्यांनंतर वाकतात.

कुस्तीच्या मैदानाचं पत्रक ही टेकोची हक्काची जागा. एका पानावर वीस-पंचवीस जोड्या, प्रत्येक नावाआधी ‘पै.’, मधे ‘वि.’, खाली गाव आणि तालीम, बाजूला इनामाचा आकडा. स्तंभ अरुंद, नावं लांब. पैलवानांची नावं सेमीबोल्डमध्ये, गाव-तालीम रेग्युलरमध्ये, ‘जंगी कुस्त्यांचे मैदान’ तेवढं बोल्डमध्ये, असं लावलं की पान ठासून भरलं तरी वाचता येतं. कबड्डीच्या बनियनवर पाठीमागचा आकडा, आंबा-द्राक्षाच्या स्टॉलवरचा भाव, मिरवणुकीच्या मार्गाचे बाण, इथेही तो चोख.

कुठे वापरू नये? लग्नपत्रिकेत नको, हे सांगायला नको. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ बोल्डमध्ये लावली की दुखवटा ओरडून सांगितल्यासारखा वाटतो. तिथे लाइट मोठ्या आकारात चालेल, दुसरा फॉन्ट असेल तर अधिक बरं. चार ओळींपेक्षा लांब मजकूर टेकोत वाचवत नाही. खालचा मजकूर ‘मुक्ता’ या फॉन्टमध्ये लावा, त्याची उघडी गोल वळणं टेकोच्या चौकोनीपणाला तोड देतात. आणि नाटकाचं नाव टेकोत टाइप करून मोकळं होऊ नये. विष्णुदास भाव्यांच्या सांगलीत तरी नको. वर्तमानपत्रातल्या इवल्याशा चौकटीत कमल शेडगे यांनी एकेका नाटकाचं शीर्षक त्या नाटकाच्या स्वभावाला धरून रेखलं. तयार फॉन्टला प्रत्येक शब्दाला तोच चेहरा द्यावा लागतो, हा त्याचा दोष नाही, धर्म आहे.

शेजारचे पर्याय थोडक्यात. ‘खंड’ही इंडियन टाइप फाउंड्रीचा, २०१४ चाच आणि फुकट. त्याची पोटं टेकोपेक्षा उघडी, म्हणून लहान आकारात तो जास्त साफ वाचतो. वर्तमानपत्राच्या आतल्या मथळ्यांना खंड, पहिल्या पानाच्या एका शब्दाला टेको. ‘बलू’ ठळक आहे, पण गुबगुबीत आणि रुंद. ‘जत’ला तो छान, ‘कवठेमहांकाळ’ला नाही.

खरा प्रतिस्पर्धी म्हणजे ‘एक टाइप’ या फाउंड्रीचा ‘अनेक’ हा फॉन्ट. त्यात जाडीबरोबर रुंदीही बदलता येते, ७५ पासून १२५ पर्यंत, आणि जाडी ८०० पर्यंत जाते. म्हणजे पाटीवरच्या लांब नावाला अरुंद आणि आखूड नावाला रुंद, पण चेहरा एकच. टेकोचा धारदार चौकोनीपणा त्यात नाही. दुरून दणका कमी बसतो. मात्र जत तालुक्यात कर्नाटकाच्या हद्दीकडे जाल तशा दुकानांच्या पाट्या मराठीबरोबर कन्नडही मागतात, आणि टेकोत कन्नड नाही. मराठी टेकोत आणि कन्नड हाताला लागेल त्या फॉन्टात लावलं की एका पाटीवर दोन दुकानं वाटतात. ‘अनेक’मध्ये कन्नड आहे, त्याच रुंदीत आणि त्याच जाडीत. तिथे तोच घ्यावा. दोन्ही लिपींना जाडीचा आकडा सारखा द्यावा आणि कन्नडमध्ये अक्षराखाली लटकणाऱ्या ओत्तक्षरांसाठी (जोडाक्षरातल्या खालच्या अक्षरांसाठी) ओळीचं अंतर मराठीपेक्षा थोडं सैल ठेवावं.